मॅडमच्या फाटकावरची पाटी

शेजारच्या मॅडमच्या फाटकावर नगरपरिषदेने 'जलमित्र' अशी निळी पाटी ठोकली, त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. खोटं कशाला बोलू? टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते, पेढाही खाल्ला, आणि घरी येऊन भांडी अशी आपटली की नवरा खुर्ची घेऊन अंगणात जाऊन बसला.

मॅडम म्हणजे दिग्रसच्याच एका शाळेतून निवृत्त झालेली बाई. तोंडावर मी अहो-जाहो करते, मनात मात्र ती कायम एकेरीतच. आमच्या गल्लीत पिण्याजोग्या पाण्याची एकच विहीर, तीही तिच्या अंगणात. नळ येतो चौथ्या-पाचव्या दिवशी. आमच्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही. माझ्या सासूबाई त्या घरच्या हातचं पाणी जन्मात प्यायल्या नाहीत. आता आमचा हंडा रोज तिच्या विहिरीवर भरतो, आणि ती त्यावर चकार शब्द काढत नाही. एकदा टोमणा मारला असता तर मला बरं वाटलं असतं.

पावसाळ्यात गल्लीतलं पाणी शेण, ऑइल, प्लॅस्टिकच्या पन्न्या, जे सापडेल ते घेऊन नालीतून नाल्याला जातं. तिने आपल्या छताचं पाणी तेवढं वेगळं काढलं. पाइपने खाली आणलं, गिट्टी-रेतीतून गाळलं आणि विहिरीजवळच्या खड्ड्यात मुरवलं. तिची विहीर मे महिन्यातही आटली नाही. पाटी त्याचीच.

मलाही पाटी हवी होती.

"कायले पाह्यजे तुले पाटी?" नवरा म्हणाला.

"त्यायले भेटते, मंग मले काहून नाही?"

मी खड्डा खणवून घेतला, तिच्यापेक्षा हातभर मोठाच. भिंतीला लागून, आमच्या अंगणाच्या कोपऱ्यात. भिंतीपलीकडे दहा-बारा पावलांवर तिची विहीर. शिवाय साऱ्या अंगणाला फरशी करून उतार खड्ड्याकडे दिला. तिने नुसतं छताचं पाणी घेतलं होतं ना, मी अंगणाचाही थेंब सोडणार नव्हते.

ती बघायला आली. चष्मा सारखा करत वाकून सगळं पाहिलं. "वहिनी, अंगणाचं पाणी नका सोडू याच्यात. छताचंच घ्या. अन् सुरवातीच्या दोन-तीन पावसाचं पाणी बाहेर जाऊ द्या, छत धुऊन निघते."

मी हो हो म्हटलं आणि ती फाटकाबाहेर पडताच नाक मुरडलं. हिला गल्लीत एकच पाटी हवी, दुसरं काय!

नगरपरिषदेचा माणूस येऊन खड्ड्याचा फोटो काढून गेला. पोळा झाला की पाटी लावतो म्हणाला. पाटीसाठी मी फाटकाला नवा रंगही दिला.

पोळ्याच्या आठवडाभर आधीची गोष्ट. कपाशीवर फवारणी चालू होती. शेतातून आलेला फवारणीचा पंप अंगणातल्या बोअरच्या नळाखाली धुवायचा, ही आमच्या घरची जुनी रीत. गल्लीत सगळ्यांची तीच. पूर्वी ते पाणी नालीत जायचं, नालीतून नाल्यात, आणि नाल्यात गेलं की ते कोणाचंच नसायचं. त्या सकाळी नवरा पंप धुवत होता आणि मी चहाचा कप घेऊन दारात उभी होते. पांढरं, दुधाळ पाणी फरशीवरून घरंगळत गेलं आणि खड्ड्याने ते बघता बघता पिऊन टाकलं. काय खड्डा केलाय मी, असं वाटून मला चक्क अभिमान वाटला. मग औषधाचा वास नाकात शिरला. या हंगामातलं हे चौथं की पाचवं धुणं होतं.

मनात पहिला विचार कोणता आला तेही सांगते. नासू दे तिची विहीर. उतरू दे ती पाटी. दोन घोट चहा पिईपर्यंत मला तो विचार गोड लागला. तिसरा घोट घेताना हातातल्या कपाकडे लक्ष गेलं. तो चहाही तिच्याच विहिरीच्या पाण्याचा होता.

चप्पल न घालताच मी तिच्याकडे गेले. "मॅडम, विहिरीचं पाणी देऊ नका कोणाले. पंप धुतलेलं पाणी आमच्या खड्ड्यात गेलं."

ती चिडली नाही. "किती दिवसांपासून?" एवढंच विचारलं. कोणतं औषध ते बघायला बाटली मागवून घेतली. विहिरीच्या जाळीला कुलूप लावलं. पाण्याचा नमुना यवतमाळला तपासायला पाठवला. आणि गल्लीला सांगितलं, "विहीर उपसाची आहे, गाळ लय झाला. तवरिक टँकर बोलावते."

माझं नाव नाही.

उपसलेलं पाणी तिने नाल्यात सोडू दिलं नाही, खाली ढोरं पितात म्हणाली. आमच्याच घरामागच्या रिकाम्या प्लॉटला मातीचा बांध घालून मोटरीने ते तिथे साठवलं. तळाचा चिखल मात्र दोराने बादल्या ओढूनच काढावा लागणार होता. सारी गल्ली जमली. बायका म्हणत होत्या, "मॅडम किती करतात बाई गल्लीसाठी!" मीही त्यांच्यातच उभी. ती खाली मान घालून दोराला गाठ मारत होती.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. विहीर तिची, पाटी तिची, आणि आता माझी चूक पोटात घालायचा मोठेपणाही तिचाच? एवढं मात्र मी तिला घेऊ देणार नव्हते.

"गाळ-बीळ काई नाही," मी ओरडले. "माह्या घरचं फवारणीचं औषध आहे ते. मॅडमनं मले सांगतलं होतं, मी आयकलं नाही."

जवळच्या दोघी माझ्यापासून बाजूला सरकल्या. मॅडमने दोराचं टोक माझ्यापुढे धरलं.

"मग ओढा, वहिनी."

मी ओढू लागले. संध्याकाळपर्यंत त्या दोराला माझ्याशिवाय एकट्या मॅडमनेच हात लावला, आणि त्याचाही मला रागच आला.