जोनने चढवलेला लाल कोट

स्टो गावाजवळची संसदेविरुद्धची शेवटची लढाई राजा हरला आणि त्याचा एक जखमी शिपाई जोन टिडमार्श या म्हाताऱ्या मेंढपाळणीच्या मेंढवाड्यात येऊन पडला. जोनचा लेक संसदेच्या बाजूने लढताना मेला होता. मेलेल्या कोकराचं कातडं पोरक्या कोकराला चढवलं की मेलेल्याची आई त्यालाही पाजते. जोनने हे जन्मभर केलं होतं. तिने लेकाचा लाल कोट शिपायाला चढवला.

संसदेचे स्वार आले. "म्हातारे, हा कोण?"

"माझा लेक. कोटाचा रंग दिसत नाही? तुमचाच आहे."

"मग लोळतोय का?"

"एडक्यानं धडक दिलीय. तुला हवी का एक?"

स्वार हसत गेले.

"आजी, मी तर शत्रू," शिपाई पुटपुटला.

"आई म्हण. बरा झालास की मेंढ्या तूच राखायच्यास."