मोठेभाऊ ऑनलाइन होते

इथले अनुभव मी वाचतो ते खरं तर हसायला. अमावास्येला मुद्दाम नवी गाडी घेणाऱ्यातला मी. आमच्या धंद्यात भुताखेतांना जागाच नाही — लाइट एकतर हिरवा असतो, नाहीतर नारिंगी. तरी लिहितोय, कारण इतकी वर्षं झाली आणि माझं डोकं अजून तिथेच अडकलंय...

२००४ च्या आसपासची गोष्ट. मी नागपूरला सर्व्हिस इंजिनिअर होतो. वर्ध्याजवळच्या एका मोठ्या दवाखान्यातून सकाळी फोन आला की डिस्कच्या कपाटाचा एक कंट्रोलर गेलाय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो — दवाखान्याचा सगळा डेटा त्या कपाटातल्या डिस्कवर असतो आणि मागच्या बाजूला दोन कंट्रोलर असतात. सर्व्हरने काही मागितलं की डिस्कवरून काढून देणारे हे दोघेच. एक गेला तर दुसरा सांभाळतो, आणि कपाट चालू असतानाच मेलेला ओढून नवा सरकवायचा. पण दोघंही गेले, तर डिस्क धडधाकट असून उपयोग शून्य.

नवा कंट्रोलर मांडीवर घेऊन मी दुपारी एसटीने पोचलो. कॉम्प्युटर विभाग मेश्राम मॅडमकडे होता. बाई एकदम हुशार, पण कपाटामागे दोन्ही कंट्रोलरवर त्यांनी कागद चिकटवले होते. A वर ‘मोठेभाऊ’ आणि B वर ‘लहानेभाऊ’!

“हे काय मॅडम?”

“काऊन जी? मोठा थकला तं लहान्यानं घर चालवायचं. तुमच्या इंग्रजीपेक्षा हे बरं समजते मले.”

मी खो खो हसलो. मोठेभाऊंचा लाइट नारिंगी होता, म्हणजे बिघाड. “चला, निरोप देऊ यांना,” म्हणत मी कंट्रोलर ओढून काढला आणि टेबलावर मॅडमच्या चहाच्या कपाशेजारी ठेवला. वळून बघतो तर लहानेभाऊही गार! लाइट विझलेला, डिस्कचे दिवे थांबलेले. असं व्हायचं काहीच कारण नव्हतं.

नेमके तेव्हाच रक्तपेढीचे राऊतभाऊ धापा टाकत आत आले.

“मॅडम, ओ निगेटिव्हवाले रक्तदाते काढून द्या लवकर! गिरड गावची बाई हाय. लेकरू झालं, पण रक्त थांबूनच नाई राह्यलं. आपल्याजवळची पिशवी लागून गेली.”

रक्तदात्यांचे फोन नंबर त्याच डिस्कवर होते. मी कसाबसा म्हणालो, “मॅडम, सिस्टीम बंद पडलीय. काही मिळणार नाही.”

“पाहून तं घेते,” त्या म्हणाल्या आणि टाइप करू लागल्या.

नावं आली. गावं, फोन नंबर, सगळं. राऊतभाऊंनी ते तळहातावर उतरवले आणि तिथूनच फोन लावला. जवळच्याच पिपरी मेघे गावचे एक कापड दुकानदार पहिल्याच फोनला म्हणाले, निघालोच.

मी मात्र कपाटामागे गेलो. A ची खोबण रिकामी. खात्री करायला मी मनगटापर्यंत हात आत घातला, अगदी वेड्यासारखा. B काळाठिक्कर. आणि कपाटाला केबलने जोडलेल्या माझ्या लॅपटॉपवर त्याची स्थिती दिसत होती: B — बंद, A — ऑनलाइन. केबल काढून पुन्हा लावली. A — ऑनलाइन! अरे, पण A तर तिकडे टेबलावर आहे...

शेवटी A च्या खोबणीत नवा कंट्रोलर सरकवला. थोड्या वेळाने B सुद्धा आपोआप जागा झाला. जणू काही घडलंच नव्हतं.

संध्याकाळी राऊतभाऊ दारातूनच ओरडले, “वाचली जी बाई!” मला रडू यायचंच बाकी होतं.

मॅडमना कसलंच नवल नव्हतं. “मोठा माणूस अर्ध्या पंगतीतून उठत नाई जी. सगळ्याइचं जेवण झालं, मंग उठले.”

मला राग आला. हे काय उत्तर झालं? आमचे सीनिअर म्हणाले, यादी सर्व्हरच्या मेमरीत राहिली असेल. पण सर्व्हर त्याच सकाळी बंद करून सुरू केला होता आणि त्यानंतर ही यादी कुणी मागितलीच नव्हती. मग म्हणाले, तुझ्या स्क्रीनवर आधीचीच स्थिती अडकून राहिली असेल. तिच्यावरचं घड्याळ तर पुढे सरकत होतं! कपाटाच्या लॉगमध्ये त्या वेळात काही वाचल्याची नोंदच नाही. माझ्या नजरेसमोर राऊतभाऊंचा तळहात येतो आणि सगळे तर्क संपतात. इथे कुणी स्टोरेजवाला असेल तर खरंच सांगा.

जुना कंट्रोलर कंपनीला परत द्यायचा असतो. खोक्यात घालताना मॅडमनी त्यावरचा कागद काढू दिला नाही. खोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, “या बरं, मोठेभाऊ.” या वेळी मला हसू आलं नाही.

परतीच्या एसटीत खोकं मी खिडकीशी सीटवर ठेवलं आणि शेजारी बसलो. सेलूला गर्दी चढली. कंडक्टर म्हणाला, “साहेब, खोकं वर ठेवा ना, माणसाले बसू द्या.”

मी उठलो आणि माझी जागा दिली. नागपूरपर्यंत उभा राहिलो. खोकं खिडकीशीच होतं. का, ते मला अजूनही सांगता येत नाही.