केनिया, टांझानिया आणि द्वारकावहिनीचा हौद

द्वारकावहिनी गेल्याची बातमी मला 'मिशन आफ्रिका' नावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळली. घरातली सगळी माणसं एका जागी सापडतात असा तो एकच ग्रुप, म्हणून माझ्या थोरल्या भाच्यानं, महेशनं, बातमी तिथंच टाकली. वर जबडा वासलेल्या सिंहाचा फोटो, त्याखाली 'केनिया की टांझानिया?' असं मतदान, आणि त्याखाली 'आई आज सकाळी आपल्याला सोडून गेली'. मी रसायनीच्या माझ्या घरात गॅसवर चहा ठेवून उभी होते. चहा उतू गेला तरी मी फोनकडेच बघत होते. जोडलेल्या हातांची चित्रं एकामागून एक येऊ लागली, आणि त्या गडबडीत कुणाचा तरी अंगठा चुकून लागला असावा... टांझानियाचं एक मत वाढलं. जिला आफ्रिका दाखवायची म्हणून हा ग्रुप काढला, ती बाई ग्रुपवर नव्हतीच. तिच्याकडे बटणांचा फोन होता, आणि तिचं मत कुणी विचारलंही नव्हतं.

वहिनी म्हणजे माझ्या मोठ्या भावाची बायको. चौक गावाला जुन्या हायवेवर आमचा ढाबा आहे, तिथल्या गल्ल्यावर तिचा सगळा जन्म गेला. दादा असताना तो नावाला मालक होता आणि ती खरी मालकीण. दादा गेल्यावर नावालाही तीच उरली. आमचं दोघींचं सख्य होतं असं लिहिलं तर ती वरून मला शिव्या घालेल. ती हट्टी होती, चहात दूध घालताना तिचा हात आखडायचा, आणि मी कंपनीत नोकरी करायचे म्हणजे खुर्चीवर बसून पगार घ्यायचे असं तिचं ठाम मत होतं. ड्रायव्हर लोकांना ती तोंड भरून बोलायची आणि तेही पुन्हा तिच्याकडेच जेवायला थांबायचे. असल्या बाईला आफ्रिकेचं वेड कुठून लागावं, असं नंतर पुष्कळांनी मला विचारलं. दसपट जास्त शिकलेल्या तिच्या मुलांनी मात्र तेवढं कधी विचारलं नाही.

एक्सप्रेसवे अजून झाला नव्हता, मुंबईहून पुण्याला जाणारं सगळं आमच्या दारावरून जायचं, तेव्हाची गोष्ट. मे महिन्याच्या भर दुपारी एका सर्कशीच्या गाड्या चालल्या होत्या. त्यातला एक ट्रक बिघडून नेमका आमच्या ढाब्यासमोर थांबला. ट्रकवर लोखंडी पिंजरा आणि पिंजऱ्यात पाणघोडा. पायाखाली पत्र्याची एक उथळ टाकी होती, त्यातलं पाणी केव्हाच आटलेलं. त्याच्या कातडीला भेगा पडल्या होत्या आणि अंगावर तांबडं, चिकट असं काहीतरी पाझरत होतं. वहिनीला वाटलं रक्त. ती तशीच धावली. तेव्हा तिचा धाकटा सचिन पोटात होता, तरी विहिरीवरून बादल्या भरभरून आणून ती त्या जनावराच्या अंगावर ओतत राहिली. दादा ओरडत होता, "अगं गिऱ्हाइकाला प्यायला पानी राहील का?" तिनं ऐकलं नाही. सर्कशीतला माणूस हसत म्हणाला, "खून नहीं है भाभी, उसका पसीना ऐसाच होता है." तिचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही. मी तिथंच उभी होते. प्रत्येक बादलीसरशी ते जनावर डोळे मिटून घ्यायचं आणि पाणी थांबलं की उघडून तिच्याकडे बघायचं. संध्याकाळी ट्रक दुरुस्त होऊन निघून गेला. वहिनी रस्त्यात उभी होती, लुगडं कमरेपर्यंत भिजलेलं.

त्यानंतर तिनं ढाब्याच्या बाजूला जांभळाखाली सिमेंटचा हौद बांधून घेतला. म्हशींचा टेंपो असो, बकऱ्यांचा असो, जनावर भरलेली गाडी थांबली की ड्रायव्हरच्या चहाआधी ती बादली पुढं करायची. पहिल्यांदा पाजायचं, मग अंगावर मारायचं. कुणी कंटाळा केला तर त्याला जेवण नाही. एक्सप्रेसवे झाला, निम्म्या गाड्या वरून जायला लागल्या, पण या गाड्या हौदासाठी मुद्दाम खालून यायच्या. मधे एकदा मी तिला मुंबईला प्राण्यांच्या बागेत नेऊन पाणघोडा दाखवला. तिनं कठड्याला धरून खूप वेळ बघितलं आणि म्हणाली, "आपल्या हौदापेक्षा मोठा हाय. पन हौदच की गं." मी चिडले. खरं तर माझी रजा वाया गेली म्हणून चिडले होते.

मग एका दुपारी टीव्हीवर तिला ती नदी दिसली. नदीभर पाणघोडे, एकमेकांच्या पाठीवर माना टाकून पडलेले, नुसते कान आणि नाकपुड्या वर. तिनं महेशला विचारलं, हे कुठं? तो म्हणाला, आफ्रिकेत. "मंग मला ने की तितं." आयुष्यात तिनं पोरांकडे मागितलेली ही एकच गोष्ट. आणि पोरं काही परिस्थितीनं गांजलेली नव्हती. महेश कशेळ्याकडच्या जमिनींचे प्लॉट पाडून मुंबईकरांना विकतो, ज्यांना खिडकीतून डोंगर दिसला पाहिजे पण डोंगरातली माणसं दिसता कामा नयेत अशांना. धाकटा सचिन पनवेलला मोठ्या पगारावर आहे आणि हाताएवढी लांब लेन्स लावून पक्ष्यांचे फोटो काढतो. पक्षी उडून गेला की त्याला शिव्या देतो. दोघांनीही ताबडतोब होकार दिला. इतका आनंद झाला त्यांना, की तो कशासाठी झाला हे मला उशिरा कळलं. दोघांनाही जायचंच होतं, आणि आई हे उत्तम निमित्त होतं.

महेशचं केनिया आणि सचिनचं टांझानिया. महेशचं म्हणणं, मुंबईहून विमानात बसलं की थेट केनियात उतरायचं, त्याच्या धंद्यातले सगळे तिथंच जाऊन आलेत. सचिनचं म्हणणं, तिथं एका सिंहाभोवती वीस जीपा उभ्या असतात, ती जत्रा आहे, खरं जंगल टांझानियात. त्यावर महेशचं म्हणणं, टांझानियात जीपमध्ये हाडं खिळखिळी होतात, आईचे गुडघे बघ. आईच्या गुडघ्यांचा या घरात एवढा विचार कधीच झाला नव्हता. तिनं ते गुडघे घेऊन दिवसभर गल्ल्यामागं उभं राहिलेलं दोघांना चालत होतं. मग हंगामाचा वाद सुरू झाला. ती दाढीवाली, ना धड गाय ना धड घोडा अशी जनावरं लाखोंनी या देशातून त्या देशात जातात, ती अमुक महिन्यात इकडे असतात आणि तमुक महिन्यात तिकडे. त्या जनावरांच्या मागं पोरांनी दोन वर्षं घालवली. एकाला सुट्टी असेल तेव्हा जनावरं दुसऱ्याच्या देशात!

दिवाळीत एकदा महेशच्या बंगल्यावर भिंतीएवढ्या टीव्हीवर दोघांनी आपापला देश मांडला. मी मुद्दाम चष्मा लावून नकाशा बघितला. एकच मैदान होतं ते. मधून पट्टीनं ओढल्यासारखी एक सरळ रेघ गेली होती आणि एकच नदी दोन्हीकडून वाहत होती. आमच्याकडेही असंच एका बांधावर कर्जत तालुका संपून खालापूर सुरू होतं, म्हशींनी कधी मनावर घेतलं नाही. मी तसं म्हणाले. सचिन मला म्हणाला, "आत्या, तुला त्यातलं कळत नाही." मग इतका वेळ फराळाची ताटं भरत असलेली वहिनी पदराला हात पुसत पुढं आली.

"ते दोनीकडं हाय ना?" तिनं विचारलं.

"काय ते?"

"पानघोडा."

सचिन हसला. वाईट हसला नाही, सहज हसला, आणि तेच मला जास्त लागलं. "आई, हिप्पो काय, कुठंही असतात. हिप्पो बघायला कुणी आफ्रिकेला जातं का?" आणि त्यानं पुढचं चित्र लावलं. झाडावर बिबळ्या होता. वहिनी थोडा वेळ त्या बिबळ्याकडे बघत उभी राहिली, आणि मग ढाबा बंद करायचाय म्हणून निघून गेली.

त्या गाढवांना... लिहू द्या मला, संपादकांनी हवं तर काढून टाकावं... त्या गाढवांना एवढंही सुचलं नाही की तिला ज्यासाठी जायचं होतं ते दोन्ही देशांत होतं, आणि वाद कुणीही जिंकला तरी तिला सारखंच होतं. दोघंही मनानं वाईट नाहीत. वाईट असते तर निदान त्यांचा राग करता आला असता. ही माणसं नुसती स्वतःचं खरं करण्यात रमलेली होती, आणि आई त्यांच्या वादातलं एक कलम होती. मधल्या काळात तिला मुंबईला नेऊन पिवळ्या तापाची लसही टोचून आणली, देश ठरलेला नसताना. ही लस जन्मभर पुरते, असं तिला तिथं सांगितलं. पुरली.

गेल्या उन्हाळ्यात मी तिला म्हणाले, "वहिनी, मरू देत गं ती पोरं. आपण दोघी जाऊ. माझे पैसे बँकेत कुजतायत. एखाद्या कंपनीबरोबर जाऊ, कुठलाही देश असू दे." ती हौदाच्या कडेवर बसली होती, पाय पाण्यात सोडून. तिनं खरंच विचार केला, मला तिच्या चेहऱ्यावर दिसला तो. मग म्हणाली, "तुज्यासंगं गेले तर पोरांना वाईट वाटंल गं कुंदा. म्हनतील, आमी नेत व्हतो की." मी खूप बोलले तिला. ती पाण्यात पाय हलवत राहिली. थोड्या वेळानं म्हणाली, "लई पानी असल ना गं तितं? बाराई महिने?" मी म्हटलं, असेल. आमचं शेवटचं नीट बोलणं हे एवढंच. नंतर दिसली ती पनवेलच्या दवाखान्यात, नाकात नळ्या घातलेली.

दहाव्याला बायकांनी नदीवर जाऊ नये म्हणतात. मी गेले. पाताळगंगेच्या काठी पिंड ठेवला आणि सगळे मागं सरले. विजेच्या तारेवर एक कावळा होता. तो बघत होता, पण उतरत नव्हता. इच्छा राहिली असेल तर कावळा शिवत नाही, आणि ती ओळखून कुणीतरी मोठ्यानं शब्द द्यायचा असतो, अशी आपल्याकडची रीत. माझा या गोष्टींवर विश्वास नाही. पण महेश हात जोडून पुढं झाला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "आई, तुझ्या नावानं आम्ही केनियाला जाऊ!" कावळा हलला नाही. सचिननं डोळे पुसले आणि म्हणाला, "दादा, आईला टांझानिया आवडलं होतं. आई, टांझानियाला जाऊ." कावळ्यानं मान वाकडी केली. "तुला कधी सांगितलं तिनं?" "तुला तरी कधी सांगितलं?" डोक्यावरचे केस नुकते उतरवलेले दोन बाप्ये पिंडासमोर उभे राहून भांडत होते, आणि गुरुजींना खोपोलीला दुसरा दहावा होता. कुणीतरी मागून म्हणालं, "दोन्हीकडं जातो म्हणा अन् मोकळे व्हा." मी पुढं गेले. मोठ्यानं नाही, पण म्हणाले, "वहिनी, हौद भरलेला ठेवीन." कावळा माझ्यासाठीही उतरला नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि सगळे सुटले.

आणि मग ती गोष्ट झाली, जिच्यासाठी मी हा लेख लिहायला बसले. नदीवरून घरी येईपर्यंत गाडीत पोरांचं ठरलं. दोन्ही देशांचं मिळून एक पॅकेज असतं म्हणे. जीपनंच सीमेपर्यंत न्यायचं, पलीकडे दुसरी जीप उभी. महेशला केनिया, सचिनला टांझानिया. पहिल्यापासून असतं ते. दगदग फार, म्हणून म्हाताऱ्या माणसांना चालत नाही, पण आता तो प्रश्न नव्हता. पुढच्या सीटवरून महेश गहिवरून म्हणाला, "आईची इच्छा पुरी होईल, आत्या." मी खिडकीची काच खाली केली. सचिननं विचारलं, "तुला तिकडून काय आणू?" मी म्हटलं, "पाणघोड्याचा फोटो आण. पाण्यातला." तो म्हणाला, "बघतो गं. शेड्यूलमध्ये कसं बसतंय ते."

ते गेलेत आता. ग्रुपवर रोज सिंह येतात. मी रसायनीचं घर बंद करून ढाब्यावर राहते आहे, तिच्या गल्ल्यामागं बसते आणि तिच्यापेक्षा बरा चहा देते. हौद तोडून तिथं पार्किंग करायचं महेशच्या मनात आहे. परत आल्यावर बोलू, असं त्याला सांगितलंय. काय बोलायचं ते माझं ठरलेलं आहे. काल दुपारी म्हशींचा एक टेंपो येऊन जांभळाखाली थांबला. ड्रायव्हर नगरकडचा होता, बऱ्याच दिवसांनी या बाजूला आलेला. उतरल्या उतरल्या त्यानं स्वतःच हौदात बादली बुडवली, सवयीनं, आणि मग गल्ल्याकडे बघून थबकला.

"काकी कुठं गेल्या?"

मला काय झालं कळलं नाही. म्हटलं, "आफ्रिकेला."

"पोरांनी नेलं?" त्याचं तोंड आनंदानं फुललं. "नशीबवान आहे हो म्हातारी. पोरं असावीत तर अशी."

मी उठून दुसरी बादली घेतली, भरली, आणि कडेच्या म्हशीच्या पाठीवर ओतली. तिनं डोळे मिटून घेतले. पाणी संपलं तशी डोळे उघडून माझ्याकडे बघत राहिली. मी पुन्हा हौदाकडे वळले.