बर्फाकडची मैत्रीण

कळंबला आमच्या मागच्या खोलीत राहून गेलेली मॅडम मला अजून आठवते. पार उत्तरेकडचा बर्फ काहून वितळतो, हे चार देशांची माणसं मिळून शोधत होती, त्यांत ती होती. भर मे महिन्यात कूलरसमोर बसून ती बर्फाचे फोटो पाहायची आणि दर बोलण्यामागे "नाही का काकू?" असं विचारायची, जणू मला सगळं कळतं.

मग त्या देशांचं आपसात बिनसलं. बर्फाच्या मुलखातल्या तिच्या मैत्रिणीशी कामाचं बोलायला वरून बंदी आली. मॅडम नीट जेवेनाशी झाली.

एका सकाळी ती चालू फोन घेऊन थेट माझ्या चुलीपाशी आली.

"अवं मॅडम, मले नका दाखवू त्यात!" मी पदर तोंडावर ओढला.

"काकू, कामाचं बोलाची मनाई आहे. भाकरीची थोडीच आहे?"

फोनमध्ये लोकरीच्या टोपीतली एक बाई होती. भाकरी फुगली तशी ती टाळ्या वाजवून हसली. इकडे मॅडमही हसली आणि हसता हसता डोळे पुसू लागली. बर्फाचं कोणीच काही बोललं नाही.

घरापुरत्या भाकरी झाल्या होत्या. तरी मी परातीत आणखी पीठ घेतलं.