लिली ऑफिसला, गुलाब लग्नाला

नवरा गेला तेव्हा मी तिशीची होते. कुंकू आणि गजऱ्यासोबत अत्तरही सुटलं. कुणी सांगितलं नव्हतं, पण सुटलं. पुढे नामपल्लीत नव्यानंच उघडलेल्या एका कंपनीत मला नोकरी लागली. तिथल्या एसीत सगळेच काही ना काही फवारून बसत. एका शनिवारी मी कोठीच्या बाजारात गेले. पूर्वी लोक दुबईहून लपवून आणायचे ते सेंट आता दुकानात राजरोस मांडलेले होते.

दुकानदारानं विचारलं, "किसकू देना है, आपा?"

"किसीकू नै. मेरेकूच होना."

माझ्या मोकळ्या कपाळाकडे बघून तो जरा थांबला, मग दोन बाटल्या पुढे केल्या. एक लिलीचा विलायती स्प्रे, जवळ आलेल्यालाच कळेल असा हलका. दुसरं गुलाबाचं अत्तर, साडी धुतली तरी न जाणारं. दोन मनगटांवर दोन्ही लावून मी कितीतरी वेळ हुंगत राहिले. ऑफिसला लिली चालणार होता. गुलाब लग्नाकार्यातला, आणि तिथे मी कुणाला नको होते. म्हणूनच तोही घेतला.

सासूबाईंनी बाटल्या पाहिल्या. फळीवर मागे सारून ठेवल्या.

महिन्याभरात गौलीगुड्यात चुलत दिरांच्या मुलीचं लग्न निघालं. नवरीची आई, आमच्या थोरल्या जाऊबाई, बायकांच्या हाताला अत्तर लावत रांगेनं येत होत्या. माझ्यापाशी आल्या आणि पुढे सरकल्या. शेजारी सासूबाई होत्या. सासरे जाऊन कितीतरी वर्षं झालेली. त्यांनाही ओलांडलं.

मी पर्समधून गुलाब काढला, मनगटांना लावला, कानामागे लावला.

"अगं, चारचौघांत बरं दिसतं का हे?" जाऊबाई म्हणाल्या.

"दिसायचं काय त्यात? नुसता वास आहे," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले आणि बाटली सासूबाईंपुढे धरली. त्या झिडकारतील असंच वाटलं होतं. त्यांनी जाऊबाईंकडे रोखून पाहिलं आणि पदराखालून हात बाहेर काढला.

"थोडं जास्त लाव," म्हणाल्या.

त्या घरातल्या पुढच्या लग्नाचं बोलावणं आम्हाला आलं नाही. "घरच्या कार्याला बोलावणं कशाला हवं?" सासूबाई म्हणाल्या आणि ट्रंकेतून साड्या काढायला बसल्या.