दोन खोल्यांमधली बाई

संघप्रिया कुरणेच्या वडिलांनी छप्पन साली धर्म बदलला आणि ती जन्मली अठ्ठावन्न साली, म्हणून तिला हे नाव मिळालं. थोरली बहीण त्याआधीची, तिचं नाव मीना. गल्लीतल्या म्हाताऱ्यांच्या जिभेवर धाकटीचं नाव कधी बसलं नाही. त्या तिला संगीच म्हणत राहिल्या, आणि त्या गेल्या तसं संगी म्हणणारंही कुणी उरलं नाही.

ब्याण्णव साली ती कोल्हापुरातल्या एका संस्थेच्या समुपदेशन केंद्रात कामाला लागली, तेव्हा चौतिशीत होती. लग्न एकदा ठरता ठरता राहिलं. मग वडिलांचं आजारपण आलं, मग आईचे गुडघे गेले, आणि त्यानंतर कुणी स्थळाचं विचारलं नाही. केंद्रात नवराबायकोची, सासूसुनांची, भावाभावांची भांडणं यायची. माणसं आधी तावातावानं बोलायची, मग रडायची, आणि शेवटी कधीतरी खरं काय ते सांगायची. ते शेवटचं बाहेर पडेपर्यंत गप्प बसून राहणं तिला जमायचं. तिच्याआधीच्या बाईंना ते जमत नसे, त्या मध्येच उपदेश करायच्या.

लोक आपल्याशी एवढं मोकळं का बोलतात, हे तिला हंबीररावांनी सांगितलं. करवीर तालुक्यातला हा माणूस सख्ख्या भावाशी बांधावरून सात वर्षं भांडत होता. तिसऱ्या बैठकीला तो म्हणाला, "बाई, तुम्ही आमच्या भावकीतल्या न्हाई, पावण्यातल्या न्हाई. आमच्यातलं कुणी असतं तर मी तोंडच उघडलं नसतं."

तिला तो मान वाटला. मग समेटाच्या दिवशी ती त्याच्या गावी गेली. बांधावर दगड रोवले गेले, भाऊ एकमेकांच्या गळ्यात पडले, सोप्यात सगळे चहाला बसले. सगळ्यांना कपबशीतून चहा आला, तिला तेवढा स्टीलच्या पेल्यातून. तिनं तो प्याला. रिकामा पेला आत न जाता पायरीशेजारी ठेवला गेला, तेही तिनं पाहिलं. पाचच्या एस.टी.नं परत येताना ती स्वतःला सांगत राहिली, की भांडण मिटलं, आपण त्यासाठीच आलो होतो. ते खरंही होतं.

नोकरी सांभाळून तिनं एलएलबी केलं. पुढं कोर्टात मध्यस्थीची खोली सुरू झाली, तेव्हा प्रशिक्षण घेतलेल्यांच्या यादीत तिचं नाव आलं. तिथं शिकवलेलं बरंचसं तिला आधीच येत होतं. एक नियम मात्र तिथं पक्का झाला. दोन्ही बाजूंना वेगवेगळं बसवून ऐकायचं, आणि एका खोलीत ऐकलेलं त्या माणसानं मुभा दिल्याशिवाय दुसऱ्या खोलीत न्यायचं नाही. जजसाहेबांनाही सांगायचं नाही. घरीही नाही. घरचं तर तिला अवघड नव्हतं. आई दोन हजार तीन साली गेली होती आणि जवाहरनगरातल्या दोन खोल्यांत ती एकटीच होती.

दोन हजार सातच्या उन्हाळ्यात मगदूम नवराबायकोचं प्रकरण तिच्याकडं आलं. हातकणंगल्याकडच्या एका गावातलं हे जैन शेतकऱ्याचं घर. गोमटेश मगदूम बासष्टीचा, सीताबाई त्याच्याहून सहा वर्षांनी लहान. अर्ज सीताबाईचा होता. त्याच घरात वेगळं राहायला मिळावं, वेगळी चूल, वेगळं दार, एवढंच तिचं मागणं. मारहाण नाही, व्यसन नाही, दुसरी बाई नाही. दोन्ही वकील बुचकळ्यात पडले होते.

पहिल्या बैठकीला दोघं समोरासमोर बसले, पण बोलताना दोघंही संघप्रियाकडंच बघत होते. तासाभरानं तिला उलगडा झाला. या दोघांनी अकरा वर्षांत एकमेकांशी एक शब्द काढला नव्हता. आदिती नावाची एकुलती लेक मधे निरोप्या होती. आदिती, तुझ्या बापाला सांग जेवाण वाढलंय. आदिती, तुझ्या आईला विचार चावी कुठं हाय. लेकीनं शाळा, कॉलेज सगळं हे निरोप नेता-आणता पार पाडलं. मागच्या वर्षी ती लग्न होऊन सांगलीला गेली, आणि घरातली निरोपांची ये-जा बंद पडली.

"आता कुणाच्या तोंडानं बोलायचं, सांगा की," सीताबाई म्हणाली. "ताट सरकवायचं आन् भिताडाकडं बघत बसायचं. त्यापरीस माझं मला वेगळं द्या."

संघप्रियानं दोघांना वेगळं बसवलं. आधी सीताबाईला. पदराचं टोक बोटाला गुंडाळत तिनं शहाण्णव सालचा हिवाळा काढला. तिचं माहेर चिकोडीकडचं. बाप आजारी होता. एका दिवशी दुपारी नवऱ्यानं तिला सांगितलं, तुझा बाप गेला, फोन आलाय. ती पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. भावजय म्हणाली, आम्ही तर आदल्या दिवशीच फोन केला होता, आप्पा तुझं नाव घेत होते. सीताबाईनं घरी येऊन नवऱ्याकडं नुसतं बघितलं. त्यानं मान फिरवली. त्यानंतर तिनं त्याला हाक मारली नाही.

"तेव्हा का विचारलं नाही, वैनी?"

"त्यानं आपणहून सांगावं म्हणून."

मग गोमटेशची पाळी. त्याला पाणी दिलं तर त्यानं अख्खा तांब्या संपवला. तो थेट बोलला. फोन किराणा दुकानात आला होता, आदल्या दिवशी संध्याकाळी. त्याच संध्याकाळी कारखान्याची ऊसतोडीची चिठ्ठी आली होती आणि पहाटे टोळी फडात उतरणार होती. ऊस वाळत चाललेला. बायकोला घेऊन चिकोडीला निघायचं तर ती पाळी चुकली असती आणि पुन्हा महिना गेला असता. सासरा त्याआधी दोनदा असाच शेवटाला लागला होता, आणि दोन्ही वेळा उठून बसून त्यानं भात मागितला होता.

"मला वाटलं, ह्या वक्ताला बी उठंल," तो म्हणाला. "सकाळी सांगू म्हटलं. सकाळी टोळी आली. मग दुपारी दुसरा फोन आला."

"आण्णा, हे त्यांना तुम्ही सांगायला पाहिजे."

"आता सांगून काय हुतंय? हाय ती बी जाईल." त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मॅडम, हे तुम्ही बी सांगायचं न्हाई. तसा नियम हाय म्हणालाय तुम्ही."

नियम होता. तिनंच पहिल्या दिवशी दोघांना समजावून सांगितला होता.

पुढच्या बैठकीला सीताबाईनं खोलीत शिरताच विचारलं. घराचं नाही, चुलीचं नाही. ती म्हणाली, "बाई, मला दुसरं कायबी नको. फोन कवा आलता, तेवढं त्यानं तुमास्नी सांगितलं का? व्हय का न्हाई, तेवढंच सांगा."

संघप्रियाला उत्तर माहीत होतं. अकरा वर्षं एक बाई ज्याची वाट बघत होती ते तिच्याजवळ होतं, आणि तिला म्हणावं लागलं, "वैनी, तिकडं काय बोलणं झालं ते मला सांगता येत नाही. तुमचंही मी तिकडं नेलेलं नाही. हे तुम्ही त्यांना इथं माझ्यासमोर विचारू शकता."

सीताबाईनं तिच्याकडं ज्या नजरेनं पाहिलं ती तिनं आधीही पाहिली होती. ही पण परकीच, असं त्या नजरेत होतं.

त्या आठवड्यात तिला जेवण गेलं नाही. संध्याकाळी घरी येऊन ती भाकरी थापायची, ताट घेऊन बसायची आणि ते तसंच झाकून ठेवायची. आई असती तरी तिला हे सांगता आलं नसतं. पण आईसमोर बसून गप्प राहणं वेगळं होतं. आई नुसती म्हणायची, आज लई वझं दिसतंय, आणि पुढं काही विचारायची नाही. आता ओझं दिसायलाही घरात कुणी नव्हतं. एकदा कपडे वाळत घालताना तिच्या तोंडून आपसूक शब्द निघाले, "संध्याकाळी आला होता हो, संध्याकाळी." मग ती दचकून गॅलरीत इकडंतिकडं बघू लागली. ऐकायला कुणी नव्हतं.

तिनं गोमटेशला आणखी दोनदा एकट्याला बसवलं. एकदा समजुतीनं बोलली, एकदा जरा कडक. तो दोन्ही वेळा टोपी काढून गुडघ्यावर ठेवून बसला. आणि सीताबाई त्याच्यासमोर बसली की एक शब्द विचारायची नाही. शेवटी वाटणीच लिहायची ठरली. पूर्वेच्या दोन खोल्या सीताबाईला, परसात नवं दार, पाणी दोघांत. संघप्रियानं मसुदा तयार केला. एवढी सरळ तडजोड तिच्या हातून क्वचित झाली होती, आणि एवढी नकोशीही.

सह्यांच्या दिवशी दोघं आणि दोघांचे वकील टेबलाभोवती बसले. तिनं मजकूर मोठ्यानं वाचला, कुणाला काही बदलायचं आहे का विचारलं. गोमटेशनं सही केली. कागद सीताबाईकडं सरकला. तिनं पेन उचललं, आणि मान वर करून पहिल्यांदाच सरळ नवऱ्याकडं बघितलं.

"फोन कवा आलता?"

वकिलांना काही कळलं नाही. गोमटेशनं संघप्रियाकडं पाहिलं. तिनं नजर कागदावर ठेवली. आपण वर पाहिलं तर हा आपल्यालाच बोलायला लावेल, अशी तिला भीती वाटली.

टोपी काढून गुडघ्यावर ठेवत तो म्हणाला, "सांजंला. आदल्या दिशी."

"मग का न्हाई सांगितलंस?"

"तोड आलती." मग आणखी हळू आवाजात, "मला वाटलं, आप्पा उठत्यात."

सीताबाईच्या डोळ्यांना पाणी आलं नाही. ती हिशेब लागल्यासारखी मान हलवत राहिली. "उठायचा तसा," ती म्हणाली. "दोनदा उठला हुता." आणि तिनं सही केली.

दोघं आपापल्या वकिलाबरोबर वेगवेगळ्या दारांनी गेले. प्रकरणावर 'तडजोड झाली' असा शेरा पडला. तिचे कुणी आभार मानले नाहीत, आणि मानायची रीतही नव्हती.

पुढं काय झालं ते तिला पुढच्या वर्षी कळलं, तेही चुकून. मध्यवर्ती बसस्थानकावर ती इचलकरंजीची गाडी बघत उभी होती. तिथं मीनाआक्काच्या नातीचं बारसं होतं. पलीकडच्या बाकावर मगदूम नवराबायको बसले होते, मधे एक पिशवी. सीताबाई बोलत होती. द्राक्षं आंबट घेतली, इचारून घ्यायची न्हाईत का, आंधळ्यावानी कशी घेतोस, असं सलग, न थांबता. गोमटेश एकेक द्राक्ष तोंडात टाकत होता आणि मधूनमधून बरं म्हणत होता. पूर्वेच्या खोल्यांचं, परसातल्या दाराचं काय झालं कोण जाणे. पण निरोप्याची गरज संपली होती, एवढं उघड होतं.

तिला फार बरं वाटलं. नेहमी ती आधी ओळख दाखवत नसे, ज्यांचं घर आतून पाहिलं त्यांना भर रस्त्यात अवघडवायचं नाही म्हणून. त्या दिवशी मात्र तिचं तिलाच न कळता ती दोन पावलं पुढं गेली.

सीताबाईला ती दिसली. बोलणं तिथंच तुटलं. तिनं पदर सारखा केला आणि फलाटावरच्या पाटीकडं तोंड वळवलं. गोमटेशचा हात नमस्काराला उचलल्यासारखा झाला, मग तो कानामागं गेला. दोघं शेजारी शेजारी मुकाट बसून राहिले, कोर्टाच्या खोलीत बसायचे तसे. आपण इथून हललो की ती पुन्हा बोलेल, हे संघप्रियाला समजलं. इचलकरंजीची गाडी अजून लागली नव्हती, तरी ती थांब्याच्या दुसऱ्या टोकाला चालत गेली आणि तिकडंच उभी राहिली.

बारसं नीट झालं. रात्रीचं जेवून जा, म्हणून आक्का मागं लागली होती, पण ती सांजेच्या गाडीनंच परतली. कुलूप काढून आत आली, पाय धुतले, आणि चहा टाकायच्या आधी तिनं फोन लावला.

"पोचलीस का?" आक्कानं विचारलं.

"पोचले."

"काय इसरलीस व्हय हितं?"

"नाही."

"मग काय काम हुतं?"

"काम काही नाही. असाच केला."

दोघी बहिणींना बिनकामाचा फोन करायची सवय नव्हती. मग आक्कानं पोरीच्या नावावरून व्याह्यांची कशी कुरबुर झाली ते सांगायला घेतलं, आणि संघप्रिया खुर्ची ओढून, काही न सुचवता, ऐकत बसली.