आठ इंची फ्लॉपीची खाच

लातूरच्या भंगारगोदामात त्या दुपारी जे घडले, त्याच्या तीन हकिगती आमच्या मंडळीत फिरतात. तिन्ही चुकीच्या आहेत. त्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही चौघे होतो आणि यंत्रावर हात फक्त माझा होता, तेव्हा ही गोष्ट सांगण्याचा अधिकार इतर कोणाचा असेल असे मला वाटत नाही.

आमची मंडळी म्हणजे नांदेड, लातूर, उदगीर या पट्ट्यातली आठ-दहा माणसे. जुने संगणक गोळा करावेत, दुरुस्त करावेत आणि आपापसांत बदलावेत, हा आमचा नाद. पैसे देऊन वस्तू घेणे आमच्यात हलके समजतात. कीबोर्ड देऊन मॉनिटर घ्यावा, मॉनिटर देऊन ड्राइव्ह घ्यावा. एक रीत मात्र कोणी मोडत नाही. बंद पडलेले यंत्र पुन्हा सुरू झाले, तर ते तासभर नीट चालेपर्यंत त्याचा फोटो काढायचा नाही. घाईने फोटो काढला आणि लगेच कपॅसिटर फुटला, असे इतक्यांदा झाले आहे की हसत हसत सुरू झालेली ही रीत आता सगळे गंभीरपणे पाळतात. त्या दुपारीही फोन खिशातच राहिले. ते मीच ठेवायला लावले होते.

यंत्र माझ्या ओळखीचे होते. लातूर जिल्हा नवा होता, त्या काळात औशाकडच्या एका सहकारी संस्थेने ते घेतले, आणि महिन्यातून एकदा मी नांदेडहून त्याच्या देखभालीला जात असे. पोळीच्या तव्याएवढ्या आठ इंची फ्लॉपी, हिरव्या अक्षरांचा पडदा. तिथला एक कारकून माझा मित्र झाला. त्याच्या घराण्याने छप्पन साली धम्म स्वीकारला होता. शिकून नोकरीला लागलेला तो घरातला पहिला. जेवणाच्या सुट्टीत तो आपल्या आईच्या आठवणी त्या यंत्रावर उतरवीत असे. बहात्तरच्या दुष्काळात ती खडी फोडायला जात होती, तिथले सारे. यंत्राला देवनागरी येत नव्हती, म्हणून मराठी, पण इंग्रजी अक्षरांत. आई जशी बोलली तशी. टंकायला त्याला मीच शिकवले. काय टंकतो आहेस, हे मात्र मी कधी विचारले नाही.

पुढे यंत्र अडगळीत गेले, म्हातारी गेली, मग तोही गेला. कागदावर छापलेली प्रत वाळवीने खाल्ली. उरली ती एक फ्लॉपी, आणि ती वाचू शकेल असे यंत्र मराठवाड्यात कुठे आहे, हे त्याची बायको दहा वर्षे लोकांना विचारीत होती.

लातूरला रेल्वेने पाणी आले, त्या उन्हाळ्यात गोदामवाल्याचा फोन आला. "साहेब, तुमची ती जुनी म्हैस आलीया माझ्या दारात. दोन तोंडाची." दोन तोंडे म्हणजे दोन ड्राइव्ह. त्याने यंत्र तोडायला काढले नव्हते, याबद्दल मी त्याचा कायमचा ऋणी आहे. बदल्यात मी त्याला चालता प्रिंटर दिला.

दोन आठवडे खपून मी एक ड्राइव्ह जिवंत केला. दुसरा मेलेलाच राहिला. नांदेडचे एक प्राध्यापक, आमच्यातले जाणते, मदतीला येत. माझ्या त्या मित्राच्या पत्नी, आमच्या वहिनी, औशाहून बसने आल्या, तेव्हा फ्लॉपी साडीच्या घडीत होती. "जय भीम, भाऊ," म्हणून त्यांनी ती माझ्या हाती दिली आणि पत्र्याच्या डब्यावर बसल्या.

"दुसरा ड्राइव्ह होऊ द्या, सर," प्राध्यापक मला म्हणाले. "आधी नक्कल करू, मग वाचू."

"उद्या आमच्या गल्लीत टँकरची पाळी हाय," वहिनी म्हणाल्या. "मला आज परत जायचंय. पर तुम्ही म्हणाल तसं."

मी म्हणालो, नकलेची गरज नाही. तीस वर्षांत माझ्या हातून एकही फ्लॉपी गेलेली नाही. हे वाक्य तेव्हा खरे होते.

आता खाचेचे सांगतो, कारण सगळे त्या खाचेतच आहे. फ्लॉपीच्या कडेला एक खाच असते. सव्वापाच इंची फ्लॉपीच्या खाचेवर चिकटपट्टी लावली की तिच्यावर काही लिहिले जात नाही. ती सुरक्षित होते. आठ इंची फ्लॉपीचे उलटे आहे. तिची खाच उघडी असली तरच ती सुरक्षित, पट्टी लावली की लिहिण्यास मोकळी. हे मला ठाऊक होते. मंडळीत नव्याने येणाऱ्यांना मी हे पहिल्या दिवशी शिकवतो. पण मधली अनेक वर्षे माझ्या हाताखालून गेल्या त्या लहान फ्लॉपी. वहिनींची फ्लॉपी मी घेतली, खाच उघडी दिसली, आणि माझ्या अंगठ्याने तिच्यावर पट्टी दाबून बसवली.

प्राध्यापकांनी ते पाहिले. त्यांनीच नंतर कबूल केले. मग बोलला का नाहीत, असे मी विचारले, तर म्हणाले, "सर, तुम्हाला कोण सांगणार?"

ड्राइव्ह फिरू लागला. पडद्यावर ओळी उमटल्या. वहिनींना इंग्रजी अक्षरे जमत नाहीत, म्हणून मी मोठ्याने वाचीत गेलो. देवणीकडचा रस्ता, खडीचे ढीग, उन्हात झोपवलेली लेकरे. गावाचे नाव आले. मग पाणी वाटणारा मुकादम आला. तिथे मी थांबलो.

थांबलो, कारण त्या गावच्या कामावर माझे वडील मुकादम होते.

त्याच वेळी ड्राइव्ह अडखळला, पडदा गोठला. ड्राइव्ह अडखळला की पूर्ण तपासणीचा प्रोग्राम चालवायचा, ही माझी पद्धत. तो फ्लॉपीवरचा प्रत्येक पट्टा, म्हणजे ट्रॅक, वाचतो, असलेल्या मजकुरावर नमुन्याचे एकच अक्षर लिहितो, पुन्हा वाचतो. फ्लॉपी सुरक्षित असेल तर लिहिणे नाकारले जाते आणि सुरक्षा पक्की आहे, हेही कळते. मी तो चालवला. ड्राइव्हचे डोके लिहायला टेकते, तेव्हा येणारा जड आवाज वाचण्याच्या आवाजाहून वेगळा असतो. तो मी ओळखेपर्यंत शेवटचा पट्टा आला होता. पडदा पुन्हा उजळला तेव्हा वरपासून खालपर्यंत एकच अक्षर होते.

वहिनींनी विचारले, "हे काय लिवलंय?"

प्राध्यापक सांगतात, उन्हाने फ्लॉपी आधीच खराब झाली होती आणि त्यात वीज खालीवर झाली. हा त्यांचा भलेपणा आहे आणि मला तो नको आहे. वीज त्या दुपारी ठीक होती, फ्लॉपी स्वच्छ होती. गोदामवाला सांगतो, "अम्मा मशीनमधी बसली होती साहेब, तिनं आपलं बोलणं वापस घेतलं." त्याला मी रागावत नाही, कारण तपासणीचा तो जड आवाज मलाही अजून ऐकू येतो, विष्णुपुरीच्या बाजूला माझ्या घरात, यंत्राचा प्लग काढलेला असताना. तिसरी हकिगत कोणी माझ्या तोंडावर सांगत नाही. मी ते वडिलांसाठी मुद्दाम पुसले, अशी ती आहे. तिला माझे उत्तर एवढेच, की पट्टी मी लावली तेव्हा पडद्यावर अजून एकही अक्षर आले नव्हते. प्रोग्राम मात्र मी गावाचे नाव वाचल्यानंतर चालवला. हेही खरे आहे, आणि ते मी लपवीत नाही.

जे पान मी वाचले होते, ते निदान लिहून द्यावे, असे वहिनींनी मागितले. मी सुवाच्य अक्षरांत लिहून औशाला पाठवले. त्यात शेवटचे वाक्य असे होते: मुकादम वरून पाणी ओतीत होता, पण मी ओंजळ केली नाही, माझा लोटा पुढे केला. आठ दिवसांनी पान परत आले. मी पुन्हा लिहिले, पुन्हा परत आले. प्राध्यापकांना विचारले तर ते म्हणाले, "सर, 'ओंजळ केली' असं होतं." मी त्यांच्याशी महिनाभर बोललो नाही.

पाऊस पडून गेल्यावर वहिनी स्वतः नांदेडला आल्या. पान टेबलावर ठेवले.

"भाऊ, तुम्ही वाचलं तवा मी समोर बसले होते. तुम्ही वाचलं, 'मी ओंजळ केली.' आन् थांबलात."

"म्हातारी स्वाभिमानी होती, वहिनी. तिने तसे केले नसते."

"लई स्वाभिमानी होत्या. पर तान लागली होती." त्या जराही चिडल्या नव्हत्या. "लोटा कुठनं आणतील? लोट्याला लोटा लागू देत होतं का कुणी? आत्याबाई हे सांगायच्या तवा त्यांना लाज न्हवती वाटत. तुम्हाला कशाला वाटायलीय?"

आयुष्यात वादात मी सहसा हरत नाही. मी कोरा कागद घेतला आणि ऐकले होते तसे लिहिले: गावाचे नाव, मुकादम, वरून धरलेले पाणी, ओंजळ. वहिनींनी बोट ठेवून एकेक ओळ वाचली.

"पुढं काय होतं?"

"पुढचे मी वाचले नाही."

"तो मुकादम तुमचे वडील होते ना? मला ठावं हाय. ह्यांनी सांगितलं होतं."

म्हणजे माझ्या मित्राला ठाऊक होते. मी त्याच्या शेजारी बसून त्याला टंकायला शिकवीत होतो, आमच्या घरी तो जेवून गेला होता, माझ्या वडिलांच्या पाया पडला होता, आणि त्याला ठाऊक होते.

"मग वडील घरी काय सांगायचे त्या कामाचं?" वहिनींनी विचारले.

वडील ती गोष्ट पाहुण्यांना सांगत आणि आम्ही भावंडे अभिमानाने ऐकत असू. बहात्तर साली आपण माणसांना स्वतःच्या हाताने पाणी पाजले, कोणाला तहानलेले परत पाठवले नाही, असे ते सांगत. किती उंचीवरून, ते त्यांनी कधी सांगितले नाही आणि आम्ही कधी विचारले नाही. मी हे वहिनींना सांगितले.

त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला.

"तेबी लिवा," त्या म्हणाल्या. "खाली लिवा. जागा हाय."

मी लिहिले.